जिला लोक नाना पेटी म्हणतात

बोरीपासून पालमपर्यंत घरी साबण करणाऱ्या बायका ज्या लाकडी साच्याला 'नाना पेटी' म्हणतात, ती नानांनी केलेली नाही. ती मी केली. नाना म्हणजे माझे सख्खे चुलते, वडिलांचे धाकटे भाऊ. त्यांनी ती मला फसवून नेली आणि स्वतःच्या नावावर लावली. मी हे रागाने लिहीत आहे असं कुणाला वाटलं, तर बरोबरच वाटलं. राग आहे. पण राग असला म्हणून माल खोटा ठरत नाही. आयुष्यभर मी तराजूच्या एका बाजूला उभी राहिले आहे आणि समोरच्याने काटा कुठे दाबला हे मला न बघताही कळतं. तेव्हा सगळं पहिल्यापासून सांगते.

आमचं घर बोरीला गावाच्या कडेला, मागे परस आणि परसात गोठा. पहाटे आधी पिठाच्या गिरणीचा पुकपुकाट सुरू व्हायचा, मग आप्पा, म्हणजे माझे वडील, बैलांना वैरण टाकायचे ती घुंगरं, आणि त्यावर माझ्या मायच्या भाकरी थापण्याचा आवाज. मायचा हात जड होता. तिची भाकर शेजारी ऐकू जायची. ज्वारीची भाकर, कोवळ्या करडईची भाजी, वरून लसणाची चटणी आणि करडईच्या तेलाची धार. आमच्या घरात तेलाला कमी नव्हती, कारण आप्पा ज्वारीच्या कडेने करडई पेरायचे आणि घाण्यावरून तेलाचे डबे भरून आणायचे. उन्हाळा सरता सरता तळातलं तेल खवट व्हायचं. ते खवट तेल टाकून द्यायचं मायच्या जिवावर यायचं, आणि त्यातूनच आमच्या घरात साबण आला.

साबण करायला माय शिकली ती तिच्या माहेरी. पण तिचं शिक्षण अर्धवट होतं. पहिल्या वेळी तिने कास्टिक सोड्याचं पाणी जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, पातेल्यात कालवलं. ते असं फसफसलं की ती पातेलं अंगणात टाकून 'आगं मायऽऽ' करत रस्त्यापर्यंत पळाली. पातेल्याला भोक पडलं. पुढे तिने ते भोक दाखवून शेजारणींना सांगायला सुरुवात केली, "ह्याला म्हनत्यात साबन. मळ तर जातोच, भांडंबी जातंय." तेव्हापासून कास्टिकसाठी वेगळा मातीचा रांजण आला, कडुलिंबाची काठी आली. नुसत्या करडईच्या तेलाचा साबण मऊ राहतो, पावसाळ्यात शेंबडासारखा होतो. म्हणून त्यात डालडा घालायची अक्कल मी काढली. मिश्रण घाटत राहायचं, घाटत राहायचं, आणि पिठल्यावर पळीची रेघ उमटून राहते तशी रेघ त्यावर राहिली की ओतायचं. पण ओतायचं कशात, तिथे आमचं घोडं अडलं होतं.

माय परातीत ओतायची. दुसऱ्या दिवशी परात उलटी करून वरून बडवायची. निघाला तर अर्धा निघायचा, उरलेला खुरप्याने खरवडायचा. त्या ढेकळांना कुणी साबण म्हणावं? बाजाराच्या दिवशी मी ती ढेकळं घेऊन बसायचे. एक बाई हातात घेऊन म्हणाली, "कुशे, ही ढेप गुळाची हाय का?" कुशावर्ता माझं नाव, सगळं गाव कुशा म्हणायचं. मी म्हणाले, "चाटून बघा की काकू, गोड लागली तर गूळ." बाई हसली, पण घेतलं नाही. त्या दिवशी मी ठरवलं की साबण वडीसारखा, चौकोनी, चारही कडा सरळ असाच निघाला पाहिजे. गिऱ्हाईक आधी डोळ्याने घेतं, मग हाताने. हे मला कुणी शिकवलं नाही.

पहिली पेटी मी चहाच्या खोक्याच्या फळ्यांची केली, खिळे ठोकून. तिच्यात साबण छान जमला, पण बाहेर येईना. खिळ्यांची पेटी म्हणजे तुरुंग. आत घातलेलं बाहेर काढायचं तर भिंत फोडावी लागते. मी भिंत फोडली. साबणावर गंजाचे तांबडे ओघळ होते आणि लाकडाची कुसळं चिकटली होती. मायने त्यातल्या एका तुकड्याने धोतर धुतलं, आणि आप्पा ते नेसून शेतात गेल्यावर दिवसभर खाजवत होते. "पोरीनं काटेरी साबन काढलाय," असं त्यांनी गोठ्यात बैलांना सांगितलेलं मी स्वतः ऐकलं.

दुसऱ्या पेटीसाठी मी जुन्या बैलगाडीच्या साट्याच्या, म्हणजे बसायच्या तळाच्या, फळ्या मागितल्या. ऊन-पाऊस खाऊन त्या फळ्या पक्क्या झालेल्या होत्या, आता वाकायच्या नाहीत की फुगायच्या नाहीत. आप्पा देईनात. लाकूड हा शेतकऱ्याचा जीव असतो, मोडक्या गाडीचंसुद्धा. मी त्यांच्याशी भांडत बसले नाही. रोज सकाळी त्या फळ्यांवर मायची ओली परात आणून ठेवायला लागले. आठवडाभरात आप्पा म्हणाले, "कुजून जातील त्या. ने तुला काय करायचं ते कर." मग गोविंद सुतारांकडे गेले. त्यांना आम्ही मामा म्हणायचो. रंधा मारून देण्याच्या बदल्यात वर्षभर त्यांच्या घरी साबण द्यायचं ठरलं. ते म्हणाले, "पोरी, पेटीबी मीच करून देतो की." मी म्हणाले, "न्हाई मामा. रंधा तुमचा, पेटी माझी." ते हसले आणि फळ्या अशा गुळगुळीत करून दिल्या की हात फिरवत बसावंसं वाटे.

फळ्या तयार झाल्या तो दिवस शनिवार होता. मी दुकानातून खिळे आणले. उंबऱ्यातच मायने अडवलं. शनिवारी विकतचं लोखंड घरात आणायचं नाही, हा आमच्याकडे नियम. खवट तेलात कास्टिक कालवणारी माझी माय, देवाला भीत नव्हती पण शनीला भ्यायची. "जा, परत दिऊन ये. शनिवारचं लोखंड घरात आलं तर घर उलथून पडंल."

"चार खिळ्यांनी घर उलथतंय व्हय गं?"

"तुझ्यासारखी पोरगी घरात आसल्यावर दोन खिळ्यांनीबी उलथंल."

मी ते खिळे रस्त्यावर भिरकावले आणि गोठ्यात जाऊन बसले. राग आला की मी गोठ्यात बसायचे, बैल उलट उत्तर देत नाहीत. तिथे आप्पा वखराचं ढिलं झालेलं रुमणं, म्हणजे हाताने धरायचा दांडा, बसवत होते. खोडाच्या भोकात त्यांनी रुमण्याचं टोक घातलं, शेजारी बाभळीची पाचर सरकवली, आणि दगडाने ठोकली. रुमणं गच्च झालं. मग त्यांना ते तिरकं वाटलं, तर त्यांनी उलट बाजूने एक ठोका दिला, पाचर निघाली, रुमणं मोकळं. असं मी हजार वेळा पाहिलं असेल. पण त्या दिवशी डोक्यात फळ्या होत्या, म्हणून दिसलं. वखर, तिफण, गाडी, आमच्या शेतातलं सगळं लाकूड पाचरीवर चालत होतं. ठोकलं की घट्ट, उलटं ठोकलं की मोकळं. आणि मी खिळे आणायला गेले होते!

ती पेटी अशी. लांब दोन फळ्या, आखूड दोन. आखूड फळ्यांच्या टोकांना जीभ काढली, लांब फळ्यांना त्या जिभेच्या मापाची खिडकी पाडली. जीभ खिडकीतून बाहेर आली की तिला पाडलेल्या भोकात बाभळीची पाचर मारायची. चार कोपरे, चार पाचरी. ही चौकट एका सुट्या फळीवर ठेवायची, तोच तिचा तळ. साबण जमला की पाचरी उलट्या ठोकायच्या, भिंती हातात येतात आणि साबणाची लादी फळीवर एकटी उभी राहते. गोविंदमामांची पटाशी मागून आणून मी त्या खिडक्या पाडल्या. एक चुकली, ती आजही मनात खुपते, कारण त्या कोपऱ्यातली पाचर नेहमी थोडी जास्त आत जायची. बाकी पेटीला नाव ठेवायला जागा नव्हती.

पण नुसती पेटी होऊन भागत नाही, तिला आतून अस्तर लागतं. कोरडं लाकूड साबण पितं आणि साबण लाकडाला धरून बसतो. मी आधी पळसाची पानं लावून पाहिली, तर लादीवर हिरवे-काळे डाग पडले. आप्पांचं जुनं धोतर लावलं, ते साबणात असं रुतलं की कापड कोणतं आणि साबण कोणता ते कळेना. शेवटी युरियाच्या गोणीच्या आतली प्लास्टिकची पिशवी धुऊन, उन्हात वाळवून, कापून लावली. साबण लख्ख सुटला, पण त्यावर म्हाताऱ्या गालासारख्या सुरकुत्या. मग फळीला आधी तेलाचा हात पुसला. त्यावर प्लास्टिक अंगासारखं बसलं. राहिला प्रश्न कोपऱ्यांचा. कोपरा कापला तर साबण गळतो, न कापता कोंबला तर तिथे गाठ येते. तो कोपरा मला किराणा दुकानात सापडला. दुकानदार साखरेची पुडी बांधताना कागद न कापता कोपरे आत मोडून घेतो, तशी घडी मी बाहेरच्या बाजूला घेतली आणि फळीच्या वरच्या कडेवर मोडली. आज माझ्या परभणीच्या शेडमध्ये पोरी बटर पेपर लावतात, घडी तीच असते. मोबाइलवरून रबरी साचे मागवता येतात हे मला ठाऊक आहे. मीही मागवून पाहिले. त्यात ऊब राहत नाही. लाकडी पेटी वाकळीत गुंडाळून ठेवली की साबण सावकाश, बाळंतिणीसारखा निवांत पडून जमतो.

पहिली लादी निघाली तेव्हा मायने भाकर थापायची थांबवली. पिवळसर, सरळ, कडा धारेच्या. सायकलच्या ब्रेकच्या तारेने मी वड्या पाडल्या. गुळाची ढेप म्हणणारी बाई पुढच्या बाजारात भाव करायला लागली, तर मी मुद्दाम दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले. ती थांबली. घेऊनच गेली.

त्याच सुमारास एका संस्थेची गाडी भोंगा लावून गावातून फिरली. जिंतूरला मेळावा होता. घरगुती धंद्याची स्वतः केलेली अवजारं घेऊन या, ज्याचं अवजार निवडलं जाईल त्याला संस्था आपल्या खर्चाने साबण, तेल, असले धंदे शिकायला नेणार, राहणं-जेवण तिथेच. माझी दहावी झालेली होती आणि घरात स्थळांची बोलणी चालली होती. मी आप्पांशी सौदा केला. पेटी निवडली गेली आणि माझं नाव निघालं तर मी शिकायला जाणार. नाही निघालं तर दिवाळीनंतर ते म्हणतील त्या घरी, तोंडातून शब्द न काढता. आप्पांनी थोडा विचार केला आणि बैलबाजारात मारतात तसा माझ्या हातावर हात मारला. "ठरलं." माझ्या वडिलांनी हातावर हात मारून मोडलेला सौदा गावात कुणी पाहिला नव्हता.

आणि मेळाव्याच्या आदल्या दिवशी मला कावळा शिवला. म्हणजे मी बाहेर बसले. आजच्या पोरींना हसू येईल, पण तेव्हा आमच्या घरात त्या दिवसांत बाईने पडवीच्या कोपऱ्यात गोणपाटावर बसायचं, कशाला शिवायचं नाही. मेळाव्यात तर म्हणे आधी देवीची पूजा होणार होती. माझी पेटी समोर ओसरीवर, मी कोपऱ्यात. नाना जिंतूरलाच राहायचे, कुणाच्या ना कुणाच्या मागे पुढारी म्हणून हिंडायचे. पांढरा शर्ट, खिशाला पेन. माय त्यांना निरोप पाठवून मोकळी झाली. ते मेळाव्याच्या दिवशी सकाळच्या पहिल्या एसटीने आले, चहा घेतला आणि म्हणाले, "तू काळजी करू नगंस कुशे. मी नेतो. तुझंच नाव सांगतो. नाना हाय ना तुझा."

त्यांना पेटीतलं काहीच येत नव्हतं. मग मी त्यांना शिकवलं. कोपऱ्यात बसून, लांबूनच, हात न लावता. "नाना, जीभ खिडकीत घाला. तशी न्हाई, उलटी. आता पाचर. हळू ठोका, ती डावीकडची जरा आत जाती. आता प्लास्टिक. कोपरा कापायचा न्हाई, घडी घ्या. पुडीवानी." ते चुकायचे, मी ओरडायचे, माय हसायची. दोन-तीनदा सगळं सोडून परत जोडायला लावलं. साहेबांनी काय विचारलं तर काय सांगायचं तेही सांगितलं, फळी कुठली, तेलाचा हात का, खिळे का नाहीत. नाना मान हलवत पाठ करत होते. इतकं मन लावून त्यांनी दुसरं काही शिकलेलं मला आठवत नाही. शेवटी पेटी गोणीत घालून, खांद्यावर मारून, ते एसटीला गेले. जाताना म्हणाले, "पोरगी हुशार हाय." माझ्याकडे बघून नव्हे, आप्पांकडे बघून.

दुसऱ्या दिवशी दुपारी नाना परत आले ते गळ्यात हार घालून, हातात नारळ घेऊन. मागे गावातली चार माणसं. मी अजून कोपऱ्यातच होते. आप्पा ओसरीवर बैलाच्या वेसणीला पीळ देत होते.

"निवडली का?" मी ओरडले.

"निवडली म्हंजे? साऱ्या मेळाव्यात एक नंबर! साहेब म्हनले, असं डोकं आमी बघितलंच न्हाई."

"माझं नाव सांगितलं?"

नानांनी नारळ या हातातून त्या हातात घेतला. "त्यांनी इचारलं, पेटी कुनाची? म्या म्हनलं, आमच्या घरची."

"आनि?"

"आनि काय. घरच्या मोठ्या मानसाचं लिवून घेत्यात ते. माझं लिवलं."

"मग तवाच सांगायचं न्हाई का, माझ्या पुतनीनं केली म्हनून?"

"येडी का काय? लग्नाच्या पोरीचं नाव चार लोकांत कशाला? आनि मी खोटं कुठं बोललो? घरचीच हाय की न्हाई? घरातलं घरात ऱ्हाईलं. आता ते मला बोलवायलेत शिकायला, मग गावोगाव शिकवायला. तुज्याच घराचं नाव हुतंय, कुशे."

मी आप्पांकडे पाहिलं. त्यांच्या हातातला पीळ थांबला होता. वेसण त्यांनी खाली ठेवली. मग म्हणाले, "पेटी निवडली. पर नाव त्याचं निघालं. आता म्या काय करू?"

मी उठले. गोणपाटावरून उठले, ओसरी चढले आणि नानांच्या शर्टाची कॉलर दोन्ही हातांनी धरली. गळ्यातला हार चुरगळला. माय किंचाळली, "शिवलीस गं! शिवलीस त्यास्नी!" मागची चार माणसं अशी मागे सरकली की एकजण तुळशीवृंदावनावर आपटला. मी कॉलर सोडली नाही. म्हणाले, "हं. आता सांगा ही कुनाची. ही मी तुमच्या घरची हाय का न्हाई?" नानांचा चेहरा कास्टिकच्या पाण्यासारखा पांढरा पडला. अंगावर कावळा शिवलेल्या पोरीचा हात, म्हणजे आता कपड्यांसकट अंघोळ. ते भर दुपारी परसात दगडावर बसले, मायने डोक्यावर पाणी ओतलं आणि वडी हातात दिली. माझ्या पेटीतल्या लादीची वडी. फेस चांगला आला. गावभर हसं झालं, पण नाव त्यांचंच राहिलं.

दिवाळीनंतर माझं लग्न झालं, पालमला. सौद्याप्रमाणे मी तोंडातून शब्द काढला नाही. आप्पांनी सौदा पाळला असं लोक म्हणतात. मी म्हणते, त्यांनी सौद्याचं नुसतं अक्षर पाळलं. सासरी आल्यावर काही महिन्यांनी शेजारीण म्हणाली, "आमच्याकडं आता नाना पेटी आलीय, संस्थेचे मास्तर शिकवून गेले. तुला येती का गं चालवायला?" मी म्हणाले, "येती थोडी थोडी." त्या दिवशी मी ठरवलं की पेटी गेली तर गेली, साबण जाऊ देणार नाही. पालमच्या बाजारापासून परभणीच्या शेडपर्यंत जे काही उभं केलं, ते कुणाच्या हारावर नाही. ती हकिगत वेगळी आणि मोठी आहे, आणि ती सांगताना मला कुणाची परवानगी लागत नाही.

मध्यंतरी एका लग्नात नाना भेटले. जेवणाच्या पंगतीत शेजारी बसले. मी विषय काढला. ते जिलबी मोडत म्हणाले, "अजून तिथंच हायीस व्हय गं? मी खोटं कुठं बोललो? घरचीच म्हनलो." इतक्या वर्षांत एकच वाक्य, आणि त्यात खोट काढता येत नाही असं त्यांना वाटतं. मी धंदेवाली बाई आहे. वजन बरोबर, माल खोटा, असे व्यवहार मी पुष्कळ पाहिले आहेत.

आता मोबाइलवर आमंत्रण आलं आहे. नानांचं सहस्रचंद्रदर्शन आहे, जिंतूरला मंगल कार्यालयात. खाली लिहिलं आहे, 'नाना पेटीचे जनक यांचा हृद्य सत्कार'. त्यांच्या नातवाने वर प्रेमाने टाकलं आहे, 'कुशाआत्या, नक्की या.' मुलाचा दोष नाही, त्याला घरात जे सांगितलं ते तो म्हणतो. मी जाणार आहे. नानांना ओवाळीन, वयाने मोठे आहेत, पाया पडेन. पण शाल अंगावर पडण्याआधी मला उत्तर पाहिजे. नाना, तुम्ही साहेबांना 'आमच्या घरची' म्हणालात, तेव्हा त्या घरात तुम्ही मला मोजलं होतं का? मोजलं होतं, तर माझं नाव तोंडातून का निघालं नाही? आणि मोजलं नव्हतं, तर माझी पेटी तुमच्या घरची कशी झाली? दोन्हीपैकी एक सांगा. कानात नको, पंगतीत नको. उभे राहा, माईक हातात घ्या आणि माझं नाव घेऊन सांगा.